बिनपंख्याचं विमान आणि हळदीची बोटं

मी अकरा वर्षांची होते तेव्हा मला दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक म्हणजे, माझ्याएवढी चांगली चित्रं काढणारी मुलगी कर्जत-खालापूर भागात दुसरी नाही. आणि दुसरी म्हणजे, ही गोष्ट लोकांच्या आपोआप लक्षात येत नाही, त्यामुळे ती आपणच अधूनमधून सांगावी लागते. या थोर मताला आधार एवढाच, की शाळेत मी काढलेल्या मोराच्या रांगोळीपुढे मास्तर थांबले होते आणि "कोंबडा बरा जमलाय" म्हणून पुढे गेले होते. त्यातलं "बरा जमलाय" तेवढं मी घरी आणलं.

आमचं घर चौक गावाजवळ, माथेरानच्या डोंगराच्या अगदी पायाशी. ओटीवर बसलं की समोर भाताची खाचरं, आणि मान मागं टाकली की डोंगर. आश्विनात सकाळी मात्र डोंगर नसायचाच, धुकं असायचं. उन्हं चढली की आधी वरचा कडा दिसायचा, मग झाडं, मग झाडांखालची वाट. जणू रोज सकाळी कुणीतरी तो नव्यानं, वरून खाली बांधत आणतंय. मला पुष्कळ दिवस वाटायचं की एखाद्या सकाळी ते बांधणं अर्धवट राहील आणि माथेरान तसंच वर तरंगत राहील.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं, आणि माझा धाकटा काका परत आला होता. लढाईवरून म्हणजे बंदूक चालवून नव्हे. तो सुतार. पूर्वेकडे, बंगालच्याही पलीकडे कुठंतरी विमानं दुरुस्त करायचा तळ होता, तिथं त्यानं चार वर्षं मोडलेले पंख जोडले. काही विमानांचे पंख लाकडाचे असत हे आम्हाला त्याच्याकडूनच कळलं. चार वर्षांत तो एकदाही विमानात बसला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मीच जोडल्यालं. कुठं जोडलंय ते मला ठावं हाय. कशाला बसू गं?"

परत येताना त्यानं एक पत्र्याची ट्रंक आणली आणि थरथरणारे हात आणले. थरथरही अशी विचित्र, की रंधा हातात असला, लाकूड तासायची वाकस असली, काही जड असलं की हात दगडासारखा स्थिर. पण पेन्सिल, सुई, चहाची बशी, असं काही हलकं उचललं की बोटं पिंपळाच्या पानासारखी हलायला लागत. गावानं बशी पाहिली, रंधा पाहिला नाही. ज्याच्या हातात कप वाजतो त्याच्याकडे नांगर कोण दुरुस्तीला देणार? माणसं येत, लढाईच्या गोष्टी ऐकत, पान खात आणि काम दुसऱ्या सुताराकडे घेऊन जात. काका ओटीवर बसून राहायचा. आजी त्याच्याकडे बघायची आणि मग उगाचच कोंबड्यांवर ओरडायची.

अशात शेजारच्या घरातला एक जण भाद्रपदाच्या सुरुवातीला निरोप घेऊन आला. तो माथेरानला हॉटेलात वाढप्या होता. त्या हॉटेलात दर दसऱ्याला मुंबईचा एक पारशी फोरमन कुटुंब घेऊन हवा खायला येई. त्याच्या कारखान्यात ओतीव लोखंडाची कामं चालत. आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा काढायचा आणि साच्यात लोखंड ओतायचं. असे लाकडी नमुने करणारे सुतार त्याला हवे होते. त्यानं सांगून ठेवलं होतं, "शिफारशी नको, कागद नको. आपल्या हातानं केलेली एक बारीक वस्तू घेऊन ये. ती बघून सांगेन." भेट ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

एक वस्तू. एवढ्यावर काका पुन्हा सुतार होणार होता किंवा कायमचा ओटीवर बसणार होता.

"पोळपाट ने," आजी म्हणाली.

"आई, पोळपाट कोनीपन करतंय."

"मग दोन ने."

काकानं ट्रंक उघडली आणि तळातून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. तळावर त्याच्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या गोऱ्या सुतारानं घरी जाताना ते त्याला दिलं होतं. त्याच्या बायकोनं विलायतेहून पाठवलेलं, पण त्याला विमानांचा इतका कंटाळा आला होता, की त्यानं ते उघडलंही नव्हतं. खोक्यावर विमानाचं चित्र. आत ओबडधोबड कापलेले लाकडाचे तुकडे आणि एक मोठा घडीचा कागद, त्यावर तेच विमान वरून, बाजूनं आणि समोरून काढलेलं. तुकडे घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर विमान तयार. जर्मन लोकांचं, लढाईच्या शेवटाला निघालेलं जेट.

आजीनं एक तुकडा हातात घेऊन वास घेतला. "जर्मनचं म्हनतोस, नि ह्ये तर लाकूड हाय." आमच्याकडे जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, भाताचं पातेलं.

"जर्मनीचं गं आई. देश हाय तो."

"आसंल. पंखा कुठाय?"

हा प्रश्न पुढं महिनाभर आमच्या ओटीवर जो आला त्यानं विचारला. विमानं सगळ्यांनी पाहिली होती. लढाईत डोंगरावरून घरघरत जायची. विमानाच्या नाकावर पंखा फिरतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. आणि या जर्मन विमानाला पंखाच नाही. पंखांखाली दोन दुधीभोपळे टांगलेले, बाकी काही नाही. मुकादम म्हणाला, तुकडा हरवला असेल. भटजी म्हणाले, म्हणूनच ते हरले.

काकानं आजीला चुलीजवळची फुंकणी दाखवून समजावलं. "ह्ये भोपळे म्हंजी दोन फुंकण्या. फुडून वारा घेत्यात, पोटात जाळ करत्यात, नि मागून फुंकत्यात. त्या जोरावर ह्ये फुडं जातंय."

आजीनं विचार केला. "मग फुंकतंय कोन?"

काका हसला. परत आल्यापासून पहिल्यांदा. मला त्या हसण्याचा इतका आनंद झाला की त्याला आणखी मदत करावी म्हणून मी गुपचूप डब्याच्या पत्र्याचा एक पंखा कापला आणि भाताच्या खळीनं नाकावर चिकटवून ठेवला. लोकांनी आपल्या विमानाला अपुरं म्हणू नये, हा उदात्त हेतू. काकानं तो काढला, माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो तुझ्या तोंडाला लाव. लई फिरतंय."

तुकडे बाहेर मांडल्यावर कळलं की आमच्या आधी वाळवीनं खोकं उघडलं होतं. ट्रंक पावसाळाभर मातीच्या जमिनीवर होती. बाकी सगळं शाबूत, पण डावा पंख बाहेरून धड आणि आतून पोकळ. बोट लावलं तर भुगा. मुळाशी तीन बोटं तेवढं लाकूड चांगलं उरलं होतं. काकानं तो खोडवा उन्हाकडे धरून बराच वेळ बघितला. त्याची बोटं हलत होती आणि भुगा खाली झरत होता.

"जोडायचा," तो म्हणाला. "त्येच तर येतंय मला."

कुंपणातल्या पांगाऱ्याचं लाकूड घेतलं. पांगारा हलका, मऊ आणि पांढरा. खेळण्यांना चांगला. गुळगुळीत करायला खरवतीची पानं लागत. ती डोंगरातून ठाकरवाडीतली एक बाई आणून द्यायची. ती रोज माथेरानला लाकडाची मोळी घेऊन चढायची आणि वाटेत आमच्याकडे पाणी प्यायला थांबायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू. खरवतीचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. दुपारभर काका आणि मी ओटीवर बसून लाकूड घासायचो. काकानं रंध्याचं जड पातं हातात दाबून धरलं की थरथर कुठल्या कुठं जायची. पातं लाकडावरून जाताना इतका बारीक आवाज व्हायचा की तो ऐकता ऐकता डोळे मिटत. उन्हाच्या तिरीपेत लाकडाचा भुगा तरंगत राहायचा, खाली यायचाच नाही.

"कागदावर काय लिवलंय?" मी विचारायची.

"बहात्तरावा हिस्सा. खरं बहात्तर इंच, तर ह्ये एक इंच."

मग काकानं फूटपट्टीवर हिशेब करून दाखवला. मी साडेचार फुटांची, म्हणजे या मापानं पाऊण इंच. करवंदाएवढी. काका सव्वापाच फूट, म्हणजे इंचाला एक सूत कमी. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. मी अंगठ्यावर काजळानं पाऊण इंचाची खूण करून ठेवली आणि त्या दिवसापासून माझं शाळेतलं लक्ष जे गेलं ते गेलंच.

पाऊण इंचाची मी त्या विमानात बसायची. ओटीवरून निघायची, आजीच्या नाकाखालून, तपकिरीच्या डबीला वळसा घालून, गवाक्षातून बाहेर. खाली भाताच्या लोंब्या ताडाएवढ्या. खाचरातल्या पाण्यात आभाळ, आणि त्या आभाळातही एक विमान, पोट वर करून माझ्याबरोबर येणारं. पुढं इरशाळचा सुळका, त्याच्या माथ्याशी आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला. त्यातून दोऱ्यासारखं निघायचं. पलीकडे काय होतं? तिथं नेहमी मास्तर खडू फेकून मारायचे. पण खडूही बहात्तर पट मोठा असायचा, खांबासारखा, आणि मी त्याला हुलकावणी द्यायची. विमान चालवत कोण होतं ते सांगायला नको. मागच्या बाजूला, इंचाला एक सूत कमी असा काका बसलेला असायचा. त्याचे हात मांडीवर आणि अगदी शांत.

जोड त्यानं लांब तिरका घेतला. दोन्ही तुकडे लेखणीच्या टोकासारखे तिरपे तासून एकमेकांवर बसवले, सरस लावला आणि सुतळीनं बांधून दोन दिवस खळ्यावरच्या पेंढ्याच्या वळईत ठेवले. सोडल्यावर त्यानं माझं नख धरून पंखावरून फिरवलं. "सांग कुठं जोडलंय." मला सापडलं नाही. मी तीनदा फिरवलं. मग बाकीचे तुकडेही चिकटले आणि विमान उभं राहिलं.

"आसंच न्यावं म्हन्तो," काका म्हणाला. "बिनरंगाचं."

इथं मी उभी राहिले. "नागडं नेनार? साहेबाम्होरं?" खोक्यावरचं चित्र रंगीत होतं, कागदात रंग कुठं कुठला ते दिलं होतं, आणि घरात एवढी मोठी चित्रकार बसलेली असताना विमान नागडं जाणार म्हणजे काय! मी दोन दिवस जेवताना बोलले नाही. काकानं मान डोलावली. त्याला ब्रश धरता येत नव्हता, नाही म्हणण्याइतकं त्याला रंगाचं महत्त्वही नव्हतं. मी त्या होकाराचा अर्थ "तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही" असा घेतला.

हल्ली माझी नात असलीच विमानं करते. प्लास्टिकची, आणि रंग बोटाएवढ्या बाटल्यांतून येतात. माझ्याकडे वरच्या बाजूच्या हिरव्यासाठी नीळ आणि पिवडी, म्हणजे पिवळी माती, होती, करड्यासाठी चुलीवरचं काजळ आणि राख. पोटाला आभाळाचा रंग हवा, म्हणून चुन्यात निळीचे चार थेंब. सगळ्यात डिंकाचं पाणी. आणि पाठीवर ते जर्मन लोक ठिपके ठिपके द्यायचे, त्यासाठी दातणासारखी चावलेली बाभळीची काडी. मी श्वास रोखून ठिपके दिले. शंभर असतील, दोनशे असतील. आजी येऊन वाकली.

"बया! ह्याला देवी आल्या काय गं?"

"आजी, ते लपायला आस्तंय. वरून बघितलं तर जमीन वाटते, खालून बघितलं तर आभाळ वाटतंय."

"मग दिसतंय कोनाला?"

मी काकाकडे पाहिलं. तो म्हणाला, "ज्यानं रंगवलं त्याला."

त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापताना आजी आईला सहज म्हणाली, "काम झालं की ऱ्हाईल ममईला. गनपतीला, शिमग्याला येईल तेवढा." माझ्या डोक्यात तोवर हे आलंच नव्हतं. मला वाटत होतं काम माथेरानहून खाली येईल, टोपलीत घालून, आणि काका ते ओटीवर बसून करील. अकरा वर्षांची मुलगी इतकी मठ्ठ असू शकते यावर माझी नात विश्वास ठेवत नाही. ठेवावा. मी होते.

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे हत्यारांची पूजा. नांगराचा फाळ, विळे, कोयते, काकाची करवत, पटाशी, रंधा, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं. रंध्याशेजारी आजीनं विमान ठेवलं. हळद-कुंकू लावायचं काम माझं. प्रत्येक हत्याराला हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, झेंडूचं फूल. विमानापाशी आले आणि थांबले. पाठीवर हळद लावली तर माझे ठिपके बिघडतील! देवापेक्षा ठिपके मोठे होते माझे. म्हणून मी विमान उलटं केलं आणि ओल्या हळदीची पाचही बोटं त्याच्या पोटावर ओढली. एका पंखावर पाच, दुसऱ्या पंखावर पाच.

आमच्याच घरात दरवर्षी हळदीला चुना लावून कुंकू करत. मी स्वतः ते वाटलं होतं. आणि पोटाला मी काय लावलं होतं? चुना.

पिवळी बोटं माझ्या डोळ्यांदेखत नारिंगी झाली, मग लाल, मग गडद. निळ्या आभाळावर रक्ताळलेले दहा ओरखडे. कुंकवाचा करंडा हातात धरून मी बघतच राहिले. आजी म्हणाली, "शकुनाचं झालं." काका वाकून बघायला आला. बघितलं. त्याच्या हातात झेंडूचं एक फूल होतं, ते इतकं हलायला लागलं की दोन पाकळ्या गळल्या. तो खळ्याकडे निघून गेला. त्यानं तसे पंख पाहिले असणार. मला तेव्हा ते सुचलंही नाही. मला वाटलं, तो माझ्या रंगकामाच्या दुःखानं गेला.

मग मी ते केलं जे बिघडवणारा माणूस नेहमी करतो. दुरुस्त करायला गेले. विमान पदराखाली घेऊन विहिरीवर पळाले आणि ओल्या फडक्यानं फक्त लाल तेवढं पुसायला लागले. लाल पसरलं. चुना सुटला. चुन्याबरोबर नीळ, निळीबरोबर कडेचा हिरवा, आणि हिरव्यामागं माझे दोनशे ठिपके, एकामागून एक, गढूळ होऊन पायांवरून पाटात वाहून गेले. पाच मिनिटांत माझ्या हातात नागडं लाकूड होतं. सगळं पांढुरकं, फक्त डाव्या पंखाचा बाहेरचा भाग पिवळाजर्द. पांगाऱ्यानं हळद पिऊन टाकली होती. विलायती लाकडानं प्यायली नव्हती. आणि जिथं एक लाकूड संपून दुसरं सुरू होत होतं तिथं, इतके दिवस जी नखाला सापडली नव्हती ती जोडाची रेघ, केसासारखी, सरळ, साऱ्या जगाला दिसत होती.

काका खळ्यावर वळईला टेकून बसला होता. मी विमान त्याच्यापुढं धरलं आणि भोकाड पसरलं.

तो पंखावरून अंगठा फिरवत राहिला. "पुसलंस व्हय सगळं?"

"लाल तेवढंच पुसत व्हते."

"हां." पुन्हा अंगठा. "नागडंच जायाचं त्याच्या नशिबात." आणि मग, मला वाटतं माझ्याकडं बघून त्याला हसू आवरेना, "तुझं नाक पूस आता. ते रंगीत राह्यलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मला नेलं, कारण मी घरी राहिले असते तर आजीला वेड लागलं असतं. चौकाच्या अंगानं माथेरानला चढणारी वाट होती, मावशी मोळी घेऊन पुढं, मी मधे, काका मागं. विमान उपरण्यात बांधून मावशीनं मोळीवर ठेवलं होतं. काका म्हणाला, हलकं आहे, माझ्या हातात नको.

"काय वो दादा, ह्या पाखराला पंखा न्हाय," मावशी म्हणाली.

"न्हाय मावशी."

"बरं हाय. आमच्या घारीलाबी न्हाय." तेवढंच. महिनाभरात पहिलं माणूस ज्याला ते विमान पुरं वाटलं.

निम्म्या चढावर आम्ही धुक्यातून वर निघालो. मागं वळून बघितलं तर खाली काहीच नव्हतं. चौक नाही, आमचं घर नाही, खाचरं नाहीत. पांढरं, स्थिर दूध, त्यातून इरशाळचा सुळका तेवढा वर, आणि प्रबळगडाची पाठ. मोळीवरचं उपरणं सुटलं होतं. विमान त्या पांढऱ्यावरून चाललं होतं, संथ, मावशीच्या पावलांनी किंचित डोलत, एक पंख उन्हात पिवळा. मला एकाएकी मी कुठल्या मापाची आहे ते कळेना. पाऊण इंच, की साडेचार फूट? खाली आजी चूल पेटवत असेल, तिला वरून कुणी जातंय हे कळत असेल का? काकाचा श्वास मागून ऐकू येत होता. मला वाटलं हे असंच राहावं, वर पोचूच नये. पोचलो नाही तर फोरमन नाही, फोरमन नाही तर मुंबई नाही.

वर पोचलो. घोड्यांची लीद, तांबडी माती, झाडांखाली गार. हॉटेलच्या व्हरांड्यात फोरमन वेताच्या खुर्चीत पायजमा-सदऱ्यावर बसला होता, मोठा, पांढरा, भुवया झुडपासारख्या. वाढप्या शेजाऱ्यानं काकासाठी चहा आणून दिला. काकानं कप घेतला. बशीवर कप वाजायला लागला. टकटकटक. तो ठेवायलाही त्याला सुचेना. फोरमननं कपाकडं बघितलं, मग काकाच्या तोंडाकडं, आणि विमान उचललं.

"हा काय? पंखा कुठे गेला?"

"जेट हाय साहेब. पंखा नस्तोय."

"ते मला माहीत हाय. तुला माहीत हाय की नाय ते बघतो." त्यानं विमान उलटं केलं. पिवळा पंख. "आणि हा काय झाला?"

काका बोलायच्या आत मी बोलले. "मी हळद लावली. हत्याराला लावतात. मग लाल झालं, मग मी पुसलं, मग सगळा रंग गेला. रंग लई चांगला व्हता."

"रंग पण होता?" फोरमन म्हणाला. "गेला ते बरा झाला. नायतर आमी ते पयला खरडून काढते. रंगाच्या खाली लोक काय काय लपवते, तुला काय माहीत, पोरी!"

दोनशे ठिपके. खरडून.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पंख डोळ्यापाशी नेला आणि त्या पिवळ्या-पांढऱ्या रेघेवरून नख फिरवलं. मग उलट्या बाजूनं. मग डोळे मिटून. डोळे उघडून रेघ पुन्हा पाहिली, खरंच आहे ना म्हणून. टकटकटक, कप वाजतच होता.

"डोळ्याला दिसते आणि नखाला लागत नाय," तो स्वतःशी म्हणाला. मग काकाला, "हा जोड कोनी केला?"

"मीच, साहेब."

"असा हात हलतो तरी?"

"हलकं घेतलं का हलतोय. जड घेतलं का नाय."

फोरमननं पुढं वाकून काकाच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. टकटक थांबली. पलीकडे घोड्याचं शेपूट हलल्याचा आवाज ऐकू आला.

"कारखान्यात चाय बाकावर ठेवून पियाचा," तो म्हणाला. "दिवाळी झाली की ये."

उतरताना धुकं गेलं होतं. सगळं खाली लख्ख दिसत होतं, आमचं कौलारू घरसुद्धा. काकानं विमान मला दिलं. "तुझं हाय ते." मी ते डोळ्यांसमोर धरून चालले, पण ते उडेना. लाकूडच राहिलं. काका मागून शीळ घालत येत होता. मी त्याला शीळ घालताना कधी ऐकलंच नव्हतं.

आता एक गोष्ट सांगते जी मी काकाला कधी सांगितली नाही. पूजेला हळदीचं एक बोट लागतं. मी दोनदा पाच-पाच लावली, आणि आदल्या रात्री आजीचं "ममईला ऱ्हाईल" ऐकून मी नीट झोपले नव्हते. चुना आणि हळद यांचं काय होतं ते मला त्या क्षणी आठवत नव्हतं, असं मी इतकी वर्षं शपथेवर सांगत आले आहे. नव्हतं बहुतेक. पण बोटं जोरानं ओढली होती, हे बोटांना अजून आठवतं.

दिवाळीनंतर बैलगाडीनं आम्ही काकाला कर्जतला पोचवायला गेलो. स्टेशनात घाटात गाड्या ढकलणारी इंजिनं एका बाजूला उभी होती. गाडी मुंबईच्या दिशेनं हलली. काका दारात उभा, हातात जड ट्रंक, त्यामुळे हात अगदी स्थिर. आजी रडत होती आणि रडता रडता माझ्या आईला भाकऱ्या दिल्या का विचारत होती. मी एक डोळा मिटला आणि अंगठा व पहिलं बोट समोर धरून त्यांच्यामधे काकाला पकडलं. आधी तो वीतभर होता. मग चार बोटं. मग दोन. मी बोटं हळूहळू जवळ आणत गेले, कारण माप मला पाठ होतं. इंचाला एक सूत कमी. तेवढा झाला, तेव्हा त्यानं ट्रंक खाली ठेवली आणि हात वर केला. एवढ्या लांबून हलवत होता की हलत होता, ते काही कळलं नाही. मी दुसऱ्या हातातलं विमान उंच धरलं, पिवळा पंख त्याच्या बाजूला करून.